दामूचा अंगठा

॥ श्री ॥

घिवली,
ता. ३ ऑगस्ट १९६९

ती. वामनदादास,

धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आमी तिघी बऱ्या हाव. तुमी सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तू काय आपणहून कळवायचा नायस. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी पोचली. बरणी परत मिळेल या आशेवर तिने राहू नये. हंसा सातवीत गेली आणि मला हिशेब शिकवायला लागली हाय.

आता कामाचं. बँका सरकारी झाल्यापासून बोईसरात दुसरा विषय नाय. गेल्या आठवड्यात बँकेचा एक साहेब बाजारात आला आणि आमा टोपलीवाल्या बायांपुढे चक्क उकिडवा बसला. म्हणाला, आता तुमालापण कर्ज मिळेल, जमीन नको, दागिना नको, फक्त बाजारचा परवाना स्वतःच्या नावावर पायजे. पाचशे रुपये, दादा. तेवढे हातात असले तर बोंबील मी माझे सुकवून ठेवीन आणि पावसाळ्यात विकीन. आता काय होतं, शेठ दिवाळीलाच उचल देतो आणि माल त्याच्या भावाने नेतो. पुढे तेच बोंबील अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीत तिप्पट भावाने जातात. ह्यांच्या मागे आठ वर्षं मी हेच करत्ये.

परवाना अजून ह्यांच्या नावावर. म्हणून बाजार कचेरीचा साहेब महिन्यातून एकदा बोईसरला बसतो, त्याच्याकडे गेले. ह्यांची आय बरोबर होती. सांगितलं, नवरा आठ वर्षांमागे नारळी पुनवेनंतर दर्यात गेला, होडीही नाय मिळाली, तोही नाय. साहेब चांगला वाटला. म्हणाला, सात वर्षं ज्याची काहीच खबर नाय तो कायद्याने मेला धरतात, तुझं काम होईल. मी मनातल्या मनात शेठला नमस्कारही घालून टाकला. मग साहेबाने बाड उघडलं, एक पान काढलं. म्हणाला, बाई, तुझा नवरा तर ह्या एप्रिलात येऊन अंगठा देऊन गेलाय.

ते पान त्याने माझ्याकडे फिरवलं. दामू चिंतू तामोरे, डावा अंगठा, ता. ९ एप्रिल १९६९. मागची पानंही दाखवली. दर एप्रिलला एक. आयने बाड जवळ ओढलं आणि त्या ठशावरून बोट फिरवलं.

दादा, दरसाल नूतनीकरणाचे कागद तू करतोस. मला वाटायचं फी भरली की पावती मिळते, एवढंच असतं. तो अंगठा कोणाचा ते कळव. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. उत्तर पहिल्या टपालाने टाक आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
चंद्रकांता

॥ श्री ॥

पालघर,
ता. ११ ऑगस्ट १९६९

चि. सौ. चंद्रकांता हीस,

वामनचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पावले. तुझ्या वहिनीने बरणीची आशा केव्हाच सोडली आहे. तुझ्याकडे गेलेली किसणीही अजून आली नाही याची आठवण मात्र तिने मुद्दाम द्यायला सांगितली आहे. इकडे पाऊस जोराचा आहे. कचेरीच्या पडवीत माझे टेबल आता भिंतीला चिकटले आहे. अर्ज लिहून घ्यायला येणारी माणसे आधी अंग झाडतात आणि मग गाऱ्हाणे सांगतात, त्यामुळे निम्मे कागद ओलेच दाखल होतात.

बँकेची बातमी चांगली आहे. तुला कर्ज मिळालेच पाहिजे, त्यासाठी मी लागेल ते करीन.

बाडातल्या त्या पानाचे तू फार मनाला लावून घेऊ नकोस. अर्जनवीस म्हणून कचेरीबाहेर बसतो त्याला मला बावीस वर्षे झाली. कागदावर काय वाटेल ते चढते. कोणाचा ठसा कोणाच्या पानावर जातो, कोणाचे वय बापापेक्षा जास्त लागते. कारकुनाची काही तरी गफलत असेल. मी साहेबांना गाठून बघतो. तोवर तू पुन्हा तिकडे जाऊ नकोस आणि कोणापाशी बोलू नकोस. तुझ्या सासूबाईंना, साखरमावशींना सांग की ती नुसती शाई आहे.

हंसाला पुढच्या खेपेस पाटी नको, वही पाठवतो. प्रकृतीला जप. आमच्यावर रुसवा धरू नये.

तुझा भाऊ,
वामन

॥ श्री ॥

घिवली,
ता. ७ सप्टेंबर १९६९

ती. वामनदादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. किसणीबद्दल त्यात हाय, पाऊस हाय, कारकून हाय. मी विचारलं ते नाय.

कोणापाशी बोलू नको म्हणतोस. अख्खी घिवली बोलत्ये. साहेबाच्या शिपायाने बोईसरात सांगितलं, तिथून टोपल्यांबरोबर गावात आलं. दामू जिवंत हाय, पालघरात दुसरी बाई ठेवून हाय, दर एप्रिलला येतो आणि अंगठा देऊन जातो. शेजारची जानू मला धीर द्यायला आली आणि जाताना विचारून गेली, की तिचं नाव काय. हंसाला शाळेत पोरी विचारतात, तुझा बाप पालघरात कुठे राहतो. ती मला विचारत्ये. मी कोणाला विचारू?

आयचं तर वेगळंच. आठ वर्षं ह्या घरात ह्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. नाव निघालं की ती उठून परसात जायची. आता जो येईल त्याला बसवते आणि दामू असा होता, दामू तसा होता, सांगत राहते. शुक्रवारी तिने खाडीतल्या निवट्याचं कालवण केलं. ह्यांच्याशिवाय आमच्यात ते कोणी खात नाय. मी बघत राहिले, ती वाढत राहिली. शेवटी मांजराला घातलं.

आणि मी. मी तुला लाज सोडून सांगते. मंगळवारी बाजारात एक माणूस पाठमोरा चालला होता, सरावलीकडच्या कामगारांतला. मान तशीच, डावा खांदा तसाच खाली. मी टोपली उघडी टाकून त्याच्या मागे धावले. वाटेवर त्याला गाठून पुढे झाले. परका माणूस. हिंदीत विचारायला लागला, क्या हुआ बहन. काय सांगणार? परत आले तर कुत्र्याने सोडे पसरले होते. संध्याकाळी कडी लावताना माझा हात थांबतो, दादा. जिवंत असेल तर कडी लावायची कशी, आणि जिवंत असून आला नसेल तर उघडायची कशाला.

तू मला फसवत असशील तर तुला आपल्या आईबापांची शप्पथ हाय. खरं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही. एवढं केलंस तर तुझ्यावरचा जीव तसाच राहील.

तुझी,
चंद्रकांता

॥ श्री ॥

पालघर,
ता. १४ सप्टेंबर १९६९

चि. चंद्रकांता हीस,

अ. उ. आ.

उद्या गणपती यायचे आहेत. त्यांच्या आधी हे पत्र पेटीत पडावे म्हणून लिहीत आहे.

तो अंगठा माझा आहे.

बासष्टच्या एप्रिलात तू तापाने अंथरुणाला खिळली होतीस. परवान्याची मुदत संपत आली होती. कारकून म्हणाला, मालकाने जातीने यायला हवे, नाही तर बाजारातली जागा दुसऱ्याला जाईल. जागा गेली तर तुझ्या चुलीचे काय होणार हे मला दिसत होते. माझ्या हाताला शाई असतेच. दिवसभर दुसऱ्यांचे अंगठे धरून कागदावर टेकवायचे, हाच माझा धंदा. कारकुनाची पाठ वळली आणि मी माझा टेकवला. मनाशी म्हटले, एवढ्या वर्षापुरते. पुढच्या वर्षी ठसा जुळायला हवा म्हणून पुन्हा मीच. मग दरसाल. तुला सोपे व्हावे म्हणून केले, आणि त्याच कागदाने आता तुझी वाट अडवली.

तुला कसे सांगू. फाल्गुन संपला की हा अंगठा जड व्हायला लागतो. एखाद्या म्हाताऱ्याचा हात धरून ठसा घेताना मधेच दामूचा हात धरल्यासारखे वाटते, ओला आणि गार. जेवताना मी डावा हात मांडीखाली घेतो. तुझी वहिनी म्हणते, झोपेतही तुमची मूठ सुटत नाही. तुला पत्र लिहायला बसलो की सौ. लिहायचे, आणि लिहिताना मनात यायचे की हे सौभाग्य मी कागदावर टिकवून धरले आहे. आज ते लिहवले नाही.

साहेबांना भेटलो. खरे सांगितले नाही, नुसते विचारले. दोन वाटा आहेत. एक, मी लेखी कबूल करायचे की ठसे माझे. मग दामू एकसष्टला गेला असे धरतील आणि परवाना तुझ्या नावावर करण्याचे काम सुरू होईल. माझी सनद जाईल आणि खोट्या अंगठ्याबद्दल खटला होईल. दुसरी, दामू जिवंत आहे पण घर सोडून राहतो असे दाखवायचे आणि त्याचे संमतीपत्र जोडायचे, की बायकोने स्वतःच्या नावावर व्यापार करावा, माझी हरकत नाही. त्यावर त्याचा अंगठा पाहिजे, मागच्या ठशांशी जुळणारा. परवाना महिन्याभरात मिळेल. दोन्ही नको असेल तर ह्या एप्रिलपासून पुढे सात वर्षे.

तू सांगशील ते करीन. पहिली वाट सांगितलीस तरी मी कुरकुरणार नाही. रागावशील ते रास्तच. फक्त पत्र बंद करू नकोस.

तुझा,
वामन

॥ श्री ॥

घिवली,
ता. ५ ऑक्टोबर १९६९

वामनदादास,

नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. पंधरा दिवस तुझं तोंड बघायचं नाय असं ठरवलं होतं. तू पालघरात म्हणून ते सोपं गेलं.

तुला एक कळायला पायजे. महिनाभर मी ह्यांना जिवंत धरलं होतं. आनंद झाला नाय. राग आला. मी टोपली डोक्यावर घेऊन उन्हात मरत्ये आणि हा पालघरात बसून अंगठे देतो, असा राग. भांडी घासताना मी त्याला शिव्या दिल्या, दादा. आणि तो बिचारा आठ वर्षं पाण्यात. आता त्या शिव्या मी कशा परत घेऊ? एकदा दर्याने नेला तेव्हा मी रडून घेतलं होतं. तू मला दुसऱ्यांदा रडायला लावलंस.

आता कामाचं. तू कबूल केलंस तर तुझी सनद जाईल, खटला होईल, वहिनी आणि पोरं उघडी पडतील. तुझ्या घराचं छप्पर काढून मी माझी टोपली झाकू काय? आणि सात वर्षं थांबले तर शेठ हायच. हंसाला मी मॅट्रिक करणार हाय, शेठच्या भावात ते होत नाय. म्हणून दे तो अंगठा.

सरकारी कागदावर मी आता नवऱ्याने टाकलेली बाई होईन. मेला म्हणाले असते तर माझं दुःख माझं राहिलं असतं. टाकून गेला म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात, की हिच्यात काय कमी होतं. ते मी सोसेन. ह्यांच्या नावाला बट्टा लागला ते सोसवत नाय. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

आयला सांगायला माझं तोंड उघडत नाय. बारा वर्षं झाली की पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी ती पहिल्यापासून दिवस मोजत होती. आता मोजते की नाय, ठाऊक नाय. ती सुखात दिसते. तिचं सुख मी कशाला मोडू?

कागद तयार झाला की कळव. माया हाय, पण सध्या तिला हात लावू नको.

चंद्रकांता

॥ श्री ॥

घिवली,
ता. २३ नोव्हेंबर १९६९

ती. वामनदादास,

शि. सा. न. वि. वि.

परवाना मिळाला. चंद्रकांता दामू तामोरे, सुकी मासळी, बोईसर बाजार. हंसाने तो मोठ्याने वाचला आणि मग पुन्हा वाचला. बँकेत गेले तर साहेबाने आतल्या खुर्चीवर बसवलं. अंगठ्याची डबी पुढे सरकवत होता, मी म्हटलं, मला सही येते. चौथीपर्यंत शिकले त्याचा आज उपयोग झाला. माझ्या नावाचं पुस्तक मिळालं हाय. शेठ म्हणाला, चंद्रकांताबाई, आमाला विसरलात. आजवर मी नुसती चंद्री होते.

अंगणात वलांडीच्या बांबूंवर माझे बोंबील वाळतायत. खाली उभी राहिले की डोक्यावर सगळे माझेच. वहिनीला सांग, सोड्यांची एक पिशवी बाजूला ठेवली हाय. बरणीचा विषय ह्यात मिटवावा.

परवान्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलंय, की संमतीपत्र दर एप्रिलला नवं लागेल. ते तू वाचलं असशीलच. मी त्यावर बोलत नाय.

गावातल्या मोठ्यांनी एक सांगून पाठवलं. सरकारदरबारी दामू जिवंत असताना पुतळा जाळता येणार नाय, जित्या माणसाला अग्नी देणं पाप हाय. मेल्याचा सरकारी कागद आणा, मग बघू. आयने ऐकून घेतलं. नंतर मात्र तिचं बोलणं कमी झालंय.

आणि दादा, आय दर सोमवारी एसटीने पालघरला जाते. विकायला जाते म्हणते. टोपली भरलेली नेते आणि भरलेलीच परत आणते. तुझ्याकडे येते काय? मला भीती वाटते की ती ह्यांना शोधत्ये. लगेच कळव. तुझ्यावरचा राग गेला असं नाय, पण तुझ्याशिवाय मला विचारायला कोण हाय.

तुझी,
चंद्रकांता

॥ श्री ॥

पालघर,
ता. ९ डिसेंबर १९६९

चि. चंद्रकांता हीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावे ते कालपर्यंत मलाच कळत नव्हते. साखरमावशी माझ्याकडे येत होत्या. म्हणजे माझ्यापर्यंत नव्हे. कचेरीच्या पायरीवर, माझ्या टेबलासमोर, टोपली मांडीशी घेऊन दिवसभर बसायच्या. मी चहा दिला तो घेतला नाही. घरी चला म्हटले, आल्या नाहीत. नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहायच्या. चार सोमवार मी एकही ठसा सरळ घेऊ शकलो नाही.

काल मला राहवले नाही. टेबल आवरले, त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो आणि सगळे सांगून टाकले. रडलोही. मला वाटले, म्हातारी आता जीव टाकते. त्या शांतपणे म्हणाल्या, की मला ऑगस्टपासून ठाऊक हाय.

मी विचारले, कसे. म्हणाल्या, आठ वेळा पालघरपर्यंत येईल आणि आईच्या हातचं जेवल्याशिवाय परत जाईल, असा मी त्याला जन्माला घातला नाय. बाड बघितलं तेव्हाच कळलं की हा दामू नव्हे. आणि कागद करणारा तू एकटा. मग मी विचारले, की घरी कालवण कशाला केलेत, लोकांना बसवून त्याच्या गोष्टी कशाला सांगितल्यात. तर म्हणाल्या, की आठ वर्षं त्याचं नाव घ्यायला घरात माणूस नव्हतं. लोक निदान नाव घेत होते. खोटं का होईना.

मग त्यांनी आल्याचे कारण सांगितले. त्यांना माझ्याकडून अर्ज लिहून हवा होता, पण तुझ्या भावाला मागावा कसा म्हणून चार सोमवार गेले होते. मी साखरबाई चिंतू तामोरे, माझा मुलगा दामू अमुक साली दर्यात बुडाला, मी त्याची आई सांगते, तो मेला. हा कागद गावातल्या मोठ्यांना दाखवायचा आणि पुतळा जाळून त्याला एकदाचा मोकळा करायचा. म्हणाल्या, आता बारा वर्षं थांबवत नाय, तो पाण्यात अडकून हाय.

मी अर्ज लिहिला. बावीस वर्षांत इतका लहान अर्ज लिहिला नव्हता. त्यांनी अंगठा पुढे केला तेव्हा मला सांगावे लागले. हा कागद दाखल झाला की संमतीपत्र खोटे ठरेल, परवाना रद्द होईल, बँक पैसे मागेल आणि तुझे बोंबील पुन्हा शेठच्या गोदामात जातील. त्यांना हे माहीत नव्हते. परवान्यामागची बारीक ओळ मी त्यांना दोनदा समजावून सांगितली, की दामू दर एप्रिलला हो म्हणेल तोवरच चंद्रकांताला धंदा करता येईल.

कचेरी सुटली, माणसे गेली. मग शाई लावलेला अंगठा त्यांनी लुगड्याला पुसला, अर्ज माझ्या हातातून घेतला आणि फाडला. म्हणाल्या, पुतळा नको. मी सांगते त्याला, थांब म्हणून. हंसा मोठी होईस्तोवर थांब. त्याने माझा शब्द कधी मोडला नाय. मी म्हटले, मावशी, तोवर तुम्ही असाल की नसाल. तर म्हणाल्या, मग मी तिकडे जाऊनच सांगते.

तुला हे कळवू नकोस असे त्यांनी बजावले आहे. तुझ्यापासून एकदा लपवून काय झाले ते मी भोगतो आहे, म्हणून कळवतो. त्यांना विचारू नकोस. निवट्याचे कालवण पुन्हा केले तर मुकाट्याने जेव.

एसटीत बसताना त्यांनी मला एकच मागितले. एप्रिलात मी येईन, म्हणाल्या. अंगठा दिलास की लगेच शाई पुसू नको. मला जरा हातात धरू दे.

बहिणीने जमेल तेव्हा क्षमा करावी, आणि तोवर नुसती खुशाली कळवली तरी चालेल.

तुझा भाऊ,
वामन